तापण्या-निवण्यातली वीज

अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून तोरमल्लीचे, म्हणजे टूर्मलीनचे, खडे युरोपात नेले. तापवलेला खडा राख ओढून घ्यायचा आणि मग दूर फेकायचा. ही विजेची करणी आहे, हे १७५६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एपिनुस यांनी दाखवलं. तापमान बदललं की खड्याच्या एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण विद्युतभार येतो. अशा पदार्थांना पायरोइलेक्ट्रिक म्हणतात. माणसाची चाहूल लागताच दिवा लावणाऱ्या सेन्सरमध्ये ते असतात. पण या विजेकडून रासायनिक अभिक्रिया करवून घेता येतील का?

या स्फटिकांत धन आणि ऋण भारांची केंद्रं मुळातच एकमेकांपासून सरकलेली असतात. भोवतालचे भार पृष्ठभागाला चिकटून तोल राखतात. तापमान बदललं की आतलं अंतर बदलतं, तोल सुटतो, आणि मोकळा झालेला भार शेजारच्या रेणूला देता-घेता येतो. म्हणून इथे उष्णता किती आहे यापेक्षा ती किती आणि किती झपाट्याने बदलते, हे महत्त्वाचं. भट्टीशेजारी वर्षभर एकाच तापमानात पडलेला स्फटिक काहीच करणार नाही.

२०१२ मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांनी लिथियम नायोबेट आणि लिथियम टँटलेट या पायरोइलेक्ट्रिक पदार्थांची बारीक पूड पाण्यात घालून ते २० ते ४५ अंश सेल्सियसदरम्यान पुन्हापुन्हा तापवलं, निववलं. पाण्यातले ई. कोलाय जिवाणू मेले. अंघोळीच्या पाण्याइतकी ऊब, बाहेरून विजेची तार नाही; मला हे फार मोलाचं वाटतं.

आता हिशेब मांडू. लिथियम टँटलेटच्या एका चौरस सेंटिमीटरवर एका अंशाच्या फरकाने सुमारे शंभर अब्ज इलेक्ट्रॉनांइतका भार मोकळा होतो. आकडा मोठा वाटतो, पण तेवढ्याच पृष्ठभागावर अणू असतात त्याच्या दहा हजार पट. म्हणून पूड बारीक हवी, तापण्या-निवण्याचे फेरे भरपूर हवेत. पण कण लहान केला की त्याच्या दोन टोकांतला विद्युतदाबही उतरतो, आणि पाण्याचं विघटन करायला किमान १.२३ व्होल्ट लागतात. या ओढाताणीतून वाट काढणं, हे या संशोधनाचं खरं काम. २०१५ मध्ये बेरियम टायटनेटला पॅलेडियमच्या नॅनोकणांची जोड देऊन हायड्रॉक्सिल रॅडिकल हे अतिक्रियाशील रेणुखंड तयार करून दाखवले गेले. ही त्यातलीच एक वाट.

दिवस-रात्रीचा फरक वापरता येईल का? चोवीस तासांत एकच फेरा मिळतो, आणि तोही इतका संथ की भार जमण्याआधीच विरतो. मुद्दाम पाणी तापवणंही परवडणार नाही, कारण बहुतेक उष्णता पाणीच खाऊन टाकतं. पाणी जिथे आपसूक तापतं-निवतं, तिथेच ही युक्ती फळेल. कापडाला लागणारे काही रंग अशा पुडीने पाण्यात फिके पडतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. इचलकरंजीसारख्या गावी कापड-प्रक्रियेचं पाणी गरमच बाहेर पडतं. ते निवताना त्यात ही पूड किती फेरे टिकते, पुन्हा गाळून घेता येते का, हे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तपासावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.