शक्तीचा अपव्यय आणि आपले कर्तव्य

(वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



वीज व जळण यांची काटकसर हा आजचा माझा विषय आहे. काटकसर म्हटली की पुष्कळांच्या मनात कृपणता उभी राहते. परंतु या दोहोंत मोठे अंतर आहे. कृपण मनुष्य गरज असूनही दिवा लावीत नाही. काटकसरी मनुष्य दिवा लावतो, त्याच्या उजेडात आपले काम करतो आणि काम संपताच तो मालवतो. ज्या शक्तीने कोणाचेच काम होत नाही, ती वाचवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

बटण दाबताच दिवा लागतो, म्हणून वीज भिंतीतूनच येते असे मुलांस वाटते. ती कोठून येते हे त्यांस सांगितले पाहिजे. भोगावतीवरील राधानगरी धरणाचा संकल्प छत्रपती शाहू महाराजांनी १९०७ साली केला. धरण पुरे झालेले पाहण्यापूर्वीच, १९२२ साली, महाराज निवर्तले. पुढे त्याच धरणाच्या पायथ्याशी वीजही होऊ लागली. सातारा जिल्ह्यातील कोयनेची वीज १९६२ पासून टप्प्याटप्प्याने मिळू लागली. त्या धरणासाठी कित्येक गावांनी आपली शेते, घरे व देवळे सोडली आणि पुनर्वसनासाठी अनेक कुटुंबांना दशकानुदशके झगडावे लागले. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडते. हिशेब केल्यास एका युनिटासाठी सुमारे नऊशे लिटर पाणी खर्ची पडते. हे पाणी पश्चिमेस वाशिष्ठीत उतरून समुद्रास मिळते. कृष्णाकाठच्या शेतास ते पुन्हा लाभत नाही.

आता एका दिव्याचाच हिशेब पाहू. साठ वॉटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर वर्षास सुमारे ११० युनिट लागतात. तितकाच उजेड देणाऱ्या नऊ वॉटच्या एलईडी दिव्यास सोळा-सतरा युनिट पुरतात. म्हणजे एका दिव्यामागे ९३ युनिट वाचले. कोयनेच्या हिशेबाने हे ऐंशी हजार लिटरांहून अधिक पाणी होय. आपली बरीचशी वीज कोळशावर होते, हे खरे. त्या हिशेबानेही साठ किलोच्या आसपास कोळसा वाचला.

कामाच्या ठिकाणी मात्र केवळ बटणाकडे पाहून भागत नाही. उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांत आपल्यापैकी पुष्कळांची मुले काम करतात. विजेच्या भट्टीत एक टन लोखंड वितळविण्यास सुमारे सहाशे युनिट लागतात. भट्टीचे झाकण उघडे राहिले तर उष्णता वाया जाते. हवेच्या नळीस गळती असली तर कॉम्प्रेसर उगाच चालत राहतो. परंतु सर्वांत मोठा अपव्यय साचा निष्काळजीपणे भरल्याने होतो. कास्टिंग नापास झाले की तेच लोखंड पुन्हा वितळवावे लागते आणि पहिली सर्व वीज फुकट जाते. यास्तव पहिल्याच खेपेस नीट केलेले काम ही विजेची उत्तम बचत होय.

हाच न्याय गुऱ्हाळास लागू आहे. आपले गुऱ्हाळ उसाच्याच चिपाडावर चालते, ही पूर्वजांची मोठी शहाणीव. पण ओले चिपाड चुलवाणात घातले तर काही जाळ त्यातील पाणी आटविण्यातच जातो.  उन्हात खडखडीत वाळविलेले चिपाड थोडक्यात काम करते. शेतीपंपाचीही तीच कथा. वाफा भरल्यावरही मोटर चालू ठेवली तर वीज जाते, पाणी जाते आणि अखेरीस जमीनही जाते. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनी पाहिल्या म्हणजे अतिरेकी पाण्याचे फळ वेगळे सांगावयास नको.

घरी गृहिणी या विषयात आपणा पुरुषांहून अधिक जाणत्या आहेत. डाळ आधी भिजत घालणे, पातेल्यावर झाकण ठेवणे, कुकर वापरणे, आधण येताच आच मंद करणे, या गोष्टी त्या नित्य करतात. नवा पंखा अगर शीतकपाट विकत घेताना मात्र केवळ किंमत पाहू नये. २००१ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला व २००६ पासून अशा उपकरणांवर ताऱ्यांची खूण येऊ लागली. अधिक तारे म्हणजे कमी वीज, हे शाळेतील मुलासही वाचता येते. जुना पंखा पंचाहत्तर वॉट घेतो. नव्या धर्तीचा पस्तीस वॉटच्या आत तेवढाच वारा देतो.

बंधु-भगिनींनो, नुसत्या व्याख्यानाने काही साधत नाही, म्हणून एक सूचना करतो. प्रत्येक कुटुंबाने दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मीटरवरील आकडा वहीत लिहावा आणि हे काम घरातील विद्यार्थ्याकडे सोपवावे. आरंभ आपल्या सभागृहापासून व्हावा. वर्षाअखेर सभागृहाच्या बिलात जी बचत होईल, ती विद्यार्थी-साहाय्य निधीस द्यावी. शाहू महाराजांनी या नगरीत निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडविली. रिकाम्या दालनात जळणाऱ्या दिव्याचा पैसा एखाद्या मुलाच्या पुस्तकांस लागला, तर त्या परंपरेस ते शोभेल.