मावशीकडचे मूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नातलगांचे मूल सांभाळण्याविषयी मी चार शब्द बोलावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुस्तकातले फारसे सांगता येणार नाही, घरातले सांगते.

माझी धाकटी बहीण २०१९ साली वारली. तिची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. मेहुणे ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. म्हणून मुलगी आमच्याकडे आली. ‘माय मरो पण मावशी उरो’ म्हणतात. ही म्हण करणाऱ्याने एखाद्या मुलाला विचारून पाहिले नसावे!

पहिले वर्षभर ती फार शहाण्यासारखी वागली. न उठवता उठायची, आपले ताट घासून ठेवायची, भाजीला कधी नाव ठेवले नाही. शेजारणी म्हणत, “किती गुणाची पोर!” माझा मुलगा दप्तर एकीकडे नि मोजे दुसरीकडे फेकी. मला मात्र तिच्या त्या शहाणपणाचीच धास्ती वाटे. सहा वर्षांचे लेकरू हट्ट करीत नाही, म्हणजे ते पाहुण्यासारखे राहते आहे.

एका हळदीकुंकवाला एक बाई तिच्यादेखत म्हणाल्या, “दुसऱ्याचे पोर पोसता, पुण्य आहे हो तुमचे.” त्या रात्री तिने दुसरी पोळी घेतली नाही. त्या बाईंच्या मनात वाईट नव्हते. पण पुण्याचा हिशेब मुलासमोर मांडू नये, एवढे मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सांगितले.

तिला ‘आई’ म्हणायला लावा, असेही पुष्कळजणींनी सुचविले. मी लावले नाही. तिला आई होती, तिचा फोटो भिंतीवर आहे. मी मावशीच. वडील सवड मिळाली की येतात, तिला बाजारात नेतात. दत्तक घेतले की जन्मदात्यांशी कायद्याचे नाते संपते. ते आम्हा कोणालाच नको होते.

म्हणून दत्तक कमी प्रतीचे, असे मी म्हणत नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर रोग्यांची सेवा करीत होता. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. पण नवरा नांदता असलेल्या बाईला स्वतः दत्तक घेता येत नसे, तिची संमती तेवढी लागे. हे बदलले २०१० साली. चोपन्न वर्षे लागली! मात्र दत्तक रीतसरच घ्यावे. ओळखीने परस्पर मूल आणणे हा गुन्हा आहे.

आता पैशाचे. मुलाचे आई-वडील किंवा दोघांपैकी एक गेले असेल, तर आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेतून अठरा वर्षांपर्यंत मदत मिळू शकते. पूर्वी दरमहा ११०० रुपये होते, २०२३ साली ते २२५० झाले. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कचेरीत द्यायचा. घरी चौकशीला माणूस येतो, मुलाला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. आमच्याकडे प्रथम विरोधच झाला. “पोसवत नाही म्हणून सरकारपुढे हात पसरला, असे लोक म्हणतील.” मी म्हटले, पैसा तुमचा-माझा नाही, तिचा आहे. त्यातून तिच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो, आणि तो कोणाच्या उपकाराचा नाही हे तिला ठाऊक आहे.

आता ती सातवीत आहे. म्हणजे मी थांबले तिथवर आलीच. गेल्या महिन्यात नव्या सायकलीसाठी तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. राग आला, नि बरेही वाटले. सायकल अजून घेतलेली नाही.

मृत्यूचा दाखला, जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड असे अर्जाला लागणारे कागद मी एका वहीत लिहून आणले आहेत. आपल्या आळीतच अशी तीन मुले आजीजवळ वाढत आहेत, त्यांच्या घरच्यांना चहाच्या वेळी माझ्याकडे पाठवावे. वही मी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवते.