आपल्या वर्गाची पेन्शन

(शाळेच्या १९७८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘निवृत्तीनंतरचं आनंदी जीवन’ असा विषय दिला होता. मी हो म्हणालो, घरी जाऊन चार ओळी लिहिल्या आणि फाडून टाकल्या. छत्तीस वर्षं एका महामंडळाच्या हिशेब शाखेत काढली. आनंदावर बोलण्याचा सराव नाही, आकड्यांवर बोलायचा आहे. तेव्हा आकड्यांवरच बोलतो. गणिताचे सर समोर बसलेत, चुकलो तर उभं करतीलच.

खिडकीकडचा चौथा बाक आठवतो का? त्यावर आम्ही तिघं बसायचो. एक पुढे जिल्हा परिषदेचा शिक्षक झाला, तो आज इथे आहे. दुसरा मी. तिसरा माझ्याच महामंडळात फिटर होता, तो आज आलेला नाही. दहावीला तिघांच्या टक्क्यांत फार तर चार-पाचचा फरक असेल. तिघंही १९८४ ते ८६ च्या दरम्यान नोकरीला लागलो. आज गुरुजींची पेन्शन माझ्या दसपटीहून जास्त आहे, आणि फिटरची माझ्या निम्म्याहून कमी.

गुरुजी, हसू नका. तुमचा हेवा वाटून सांगत नाही. तुम्हाला मिळतं ते रास्त आहे. शेवटच्या पगाराच्या निम्मं, वर महागाई भत्ता, आणि तो वर्षातून दोनदा वाढतो. तुमच्या सूनबाई १ नोव्हेंबर २००५ नंतर लागल्या म्हणून त्यांना ही जुनी पेन्शन नाही, आणि त्यासाठी मार्च २०२३ च्या संपात तुम्ही निवृत्त असूनही मोर्चात चाललात, हे मला माहीत आहे. पण आमच्यासारख्यांची गोष्ट त्याहून जुनी आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. लोकांना वाटतं, महामंडळ म्हणजे सरकार, म्हणजे पेन्शन भरपूर. माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही परवापर्यंत तसंच वाटत होतं.

आम्ही ‘ईपीएस ९५’वाले. १६ नोव्हेंबर १९९५ पासून ही योजना लागू झाली. मालक आपल्या नावे भविष्य निर्वाह निधीत जे १२ टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के काढून पेन्शनच्या फंडात जातात. पण पूर्ण पगारावर नाही, सरकारने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा आधी ५,००० होती, २००१ मध्ये ६,५०० झाली. ६,५०० चे ८.३३ टक्के म्हणजे ५४१ रुपये. हिशेब शाखेतल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, तो ५४१ सांगेल. सप्टेंबर २०१४ पासून मर्यादा १५,००० झाली, म्हणजे महिना १,२५० रुपये. पगार चाळीस हजार असो की साठ, फंडात जाणार तेवढेच.

आता पेन्शनचं सूत्र. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. माझंच उदाहरण घ्या. १९९५ पासून २०१४ पर्यंत साधारण १९ वर्षं, ती ६,५०० ने गुणायची. त्याचे १,७६४ रुपये झाले. पुढची २०२० पर्यंतची सहा वर्षं १५,००० ने, त्याचे १,२८५. बेरीज तीन हजार एकोणपन्नास. १९९५ आधीच्या नोकरीपोटी एक लहानशी ठरावीक रक्कम आणि वीस वर्षं भरली म्हणून दोन वर्षांची वाढ, असं सगळं धरून ते चार हजारांना टेकतं. आणि मग तिथेच थांबतं. महागाई भत्ता नाही. २०२० मध्ये जे आलं, तेच आज येतं आणि मी नव्वदीचा झालो तरी तेच येईल.

मधल्या काळात नियम कसे बारीक होत गेले तेही सांगतो. पूर्वी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेता यायचे, २००८ मध्ये ते बंद झालं. पेन्शनपात्र पगार म्हणजे पूर्वी शेवटच्या १२ महिन्यांची सरासरी असायची, २०१४ पासून ती ६० महिन्यांची झाली. सर, तुम्हीच शिकवलंत, जुने लहान आकडे मिसळले की सरासरी खाली येते. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढतं, तसंच. खरं सांगायचं तर, ज्यांचा पगार आधीच मर्यादेच्या वर होता त्यांना या सरासरीने काही फरक पडला नाही. त्यांना मर्यादाच आडवी आली होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हिशेब अपुरा राहील. गुरुजींची पेन्शन तिजोरीतून येते, आमची मालकाच्या आणि सरकारच्या वाट्यातून जमलेल्या फंडातून. सरकारचा वाटा १.१६ टक्के, तोही त्याच मर्यादेपर्यंत. तेव्हा फंडाला झेपत नाही, हे उत्तर अगदीच खोटं नाही. शिवाय आम्हाला भविष्य निर्वाह निधीचे पैसे एकरकमी मिळतात. ते कुठे जातात हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घराचा स्लॅब, मुलीचं लग्न, आईचं ऑपरेशन.

किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे, आजही तेवढीच. त्याच्या आदल्या वर्षी राज्यसभेच्या एका समितीने किमान ३,००० ची शिफारस केली होती. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी पुढे आपल्याच राज्याचे राज्यपाल झाले, राजभवनात राहून गेले, शिफारस मात्र कागदावरच राहिली. आता मागणी ७,५०० आणि महागाई भत्त्याची आहे. बुलढाण्याला याच मागणीसाठी म्हातारी माणसं साखळी उपोषणाला बसली. मीही एक दिवस जाऊन बसलो होतो. शेजारच्या माणसाने डब्यातली भाकरी पुढे केली आणि मग आम्हाला दोघांनाही आठवलं की आपण उपोषणाला बसलोय.

आता फिटरबद्दल बोलतो. इथे बोलावं की नाही, यावर आठवडाभर विचार केला. त्याला फोन करून विचारलंही. तो म्हणाला, “माझं नाव सोडून काय सांगायचं ते सांग.”

२०१२ मध्ये त्याला पन्नास पूर्ण झाली. गुडघे गेले होते, मुलीचं लग्न ठरलं होतं. नोकरी सोडून पैसे मोकळे करायचं त्याने ठरवलं आणि माझ्या टेबलासमोर येऊन बसला. या योजनेत पेन्शन ५८ ला सुरू होते, हवी तर ५० पासून घेता येते, पण जितकी वर्षं आधी घ्याल तितक्या वर्षांसाठी दर वर्षाला ४ टक्के कपात, आणि ती कायमची. त्याने मला विचारलं, “काय करू?” समोर वर्षअखेरीचं काम पडलं होतं. मी म्हणालो, “घे सुरू करून. उद्याचं कोणी पाहिलंय?” कागदावर दोन आकडे मांडून दाखवायला पाच मिनिटं लागली असती. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले, आणि बाकावरच्या मित्राला पाच मिनिटं दिली नाहीत.

त्याची पेन्शन दीड हजाराच्या आत बसली. थांबला असता तर महिना पाच-सहाशे जास्त आले असते. मला सांगा, पाच-सहाशे म्हणजे काय? आपल्यातल्या काहींना ती एका वेळच्या हॉटेलच्या चहा-नाश्त्याची रक्कम आहे. त्याच्याकडे त्या रकमेत नवरा-बायको दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या येतात.

पुढे ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पूर्ण पगारावर पेन्शनचा पर्याय देता येईल, फरकाची रक्कम व्याजासकट भरायची. वर्तमानपत्राचं कात्रण शर्टाच्या खिशात घालून तो माझ्या घरी आला. “बघ, आपलं काही होतं का?” मी वाचलं. १ सप्टेंबर २०१४ च्या आधी, असा पर्याय न देता जे निवृत्त झाले, त्यांना लाभ नाही. तो २०१२ चा. मी चष्मा काढून पुसत बसलो. त्याला कळलं. कात्रणाची घडी घालून त्याने परत खिशात ठेवलं, आमच्या हिने केलेला चहा घेतला आणि गुडघ्याला धरत जिना उतरून गेला. मला एका शब्दानेही बोलला नाही.

आजच्या मेळाव्याची वर्गणी अडीच हजार रुपये आहे. त्याने गटावर लिहिलं, “भाचीचं लग्न आहे, येता येणार नाही.” तुम्ही त्याखाली अंगठे टाकलेत. त्याला भाची नाही.

संयोजकांना दोष देत नाही. जेवण, मंडप, गुरुजनांचा सत्कार, सगळ्याला पैसे लागतात. माझं म्हणणं एवढंच, की पुढच्या वेळी वर्गणीचा आकडा गटावर टाकू नका. दारात एक पेटी ठेवा, बिननावाची पाकिटं ठेवा, ज्याला जमेल तो टाकेल. कमी पडलं तर मी, गुरुजी आणि बँकेतून निवृत्त झालेले आपले तिघं भरून काढू. मी त्यांना आत्ताच विचारलंय, ते हो म्हणालेत.

आणि आज जेवणानंतर मी जुन्या आठवी अ च्या वर्गात बसणार आहे. ज्यांची किंवा ज्यांच्या घरात कोणाची ईपीएस पेन्शन असेल त्यांनी या. तुमच्या पीपीओवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणे आहे का, ते पाहू. तुमच्यानंतर तिला तुमच्या निम्मी पेन्शन मिळायची आहे, आणि एका अक्षराच्या फरकापायी बायका वर्षभर खेटे घालताना मी पाहिल्यात. हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरची वाट पाहायची गरज नाही, तो कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, ते मी शिकवतो. आपल्या वर्गातले जे गेले, त्यांच्या घरच्यांपैकी कोणी इथे असेल तर त्यांनी आधी या. कागद आणले नसतील तरी चालेल.

रविवारी सकाळी मी फिटरच्या गावी जातोय. पुढची सीट गुरुजींनी धरून ठेवली आहे. मागे तिघं बसू शकतात.