बलक, तेल आणि आपला चित्रकलेचा वर्ग
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि 'परदेशातल्या नोकरीविषयी बोल' असा हुकूम आहे. नोकरीचं एका वाक्यात सांगते. इंजिनिअरिंग झाल्यापासून मी सॉफ्टवेअर लिहिते, आणि गेली आठ वर्षं ते बेल्जियममधल्या गेंट शहरात बसून लिहिते. उरलेल्या वेळात मी तिथे संध्याकाळी काय शिकते ते सांगणार आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणी आहे, तेव्हा चहाला लगेच उठू नका.

बेल्जियमच्या उत्तर भागाला फ्लांडर्स म्हणतात. तिथे गावोगावी सरकारी मदतीवर चालणाऱ्या कला-शाळा आहेत आणि संध्याकाळी तिथे मोठी माणसंही शिकायला येतात. माझ्या वर्गात एक निवृत्त नर्स आहे, एक बेकरीवाला आहे आणि मी. आम्ही शिकतो ती जुनी फ्लेमिश पद्धत, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेला रंग आणि त्यावर तेलरंगाचे पारदर्शक थर.

हे वेड लागलं ते गेंटमुळेच. तिथल्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये व्हान आइक बंधूंचं प्रचंड वेदीचित्र आहे. थोरल्या ह्युबर्टनं सुरू केलं, धाकट्या यानं १४३२ मध्ये पूर्ण केलं. त्यातल्या मुकुटावरची रत्नं, भरजरी वस्त्रं, गवताचं पातं न पातं आजही झळाळतं. त्याचा एक भाग १९३४ मध्ये चोरीला गेला, तो अजून सापडलेला नाही. त्या जागी नक्कल आहे. २०१२ पासून चित्राच्या सफाईचं मोठं काम सुरू झालं, तेव्हा मधल्या कोकराच्या चेहऱ्यावर नंतरच्या कुणीतरी चढवलेला रंग निघाला आणि खालून व्हान आइकचं मूळ कोकरू बाहेर आलं, थेट तुमच्याकडे बघणारं.

आता हे करतात कसं? आधी लाकडाची फळी. त्या काळी ओकची असे. तिच्यावर सरसात कालवलेल्या खडूचे पांढरे थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग घासून हस्तिदंतासारखा गुळगुळीत करायचा. माझी पहिली वहीएवढी फळी तयार व्हायलाच तीन आठवडे लागले. मग त्यावर रेखाटन. अँटवर्पच्या संग्रहालयात व्हान आइकचं १४३७ चं 'सेंट बार्बरा' आहे, जेमतेम फूटभर उंचीचं. ते जवळजवळ सगळं रेखाटनाच्याच अवस्थेत आहे. मागे मनोरा बांधणारे गवंडी, दगड वाहणारी माणसं, सगळं बारीक रेषांत. रंगाच्या खाली केवढं काम असतं ते तिथे उघड दिसतं.

मग येतं अंडं. बलक पांढऱ्यापासून वेगळा करून एका तळहातावरून दुसऱ्यावर घोळवायचा, कोरडा झाला की चिमटीत धरून टोचायचा आणि आतला रस वाटीत घ्यायचा. पापुद्रा टाकून द्यायचा. त्यात थोडं पाणी आणि रंगाची पूड. आमच्या घरी अंडं कधी आलं नाही. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "खात नाहीस ना?"

इटलीच्या चेन्निनो चेन्निनीनं १४०० च्या सुमारास चित्रकारांसाठी पुस्तक लिहिलं. तरुण चेहऱ्यांना शहरातल्या कोंबडीचा फिकट बलक घ्या आणि म्हाताऱ्या, सावळ्या चेहऱ्यांना खेड्यातल्या कोंबडीचा लालसर, असं तो सांगतो. म्हणजे गावठी अंड्याची थोरवी त्यांनाही ठाऊक होती!

बलकाचा रंग बघता बघता वाळतो. पसरवून मिसळता येत नाही, म्हणून बारीक कुंचल्यानं रेघेशेजारी रेघ काढत छटा तयार करायची. तेलाचं उलट. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होतं. खाली बलकात उजेड-सावली बांधून घ्यायची आणि त्यावर तेलातला रंग काचेसारखा पातळ पसरायचा. वाळला की दुसरा, मग तिसरा. प्रकाश या थरांतून आत जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. चित्र आतून उजळल्यासारखं दिसतं ते यामुळे. त्या लाल थरांसाठी जी मुळं वापरत, ती आपल्या मंजिष्ठेच्या युरोपातल्या बहिणीची. आणि सर्वांत महाग निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडातून येई.

एक नियम मात्र मोडता येत नाही. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं, आणि खालचा पुरेसा वाळलेला हवा. नाहीतर चित्राला भेगा पडतात. माझ्या ऑफिसात दर दोन आठवड्यांनी काहीतरी ग्राहकाच्या हाती द्यावंच लागतं. इथे एका पातळ लाल थरासाठी आठवडा थांबायचं, आणि तो आठवडा कुणालाही कमी करता येत नाही. एक लिंबू आणि पितळेची वाटी रंगवायला मला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी एक वाटी जेवढी पाहिली, तेवढं आयुष्यात दुसरं काही पाहिलं नसेल.

आता जे सांगायला मी उभी आहे ते. आमच्या शिक्षिकेनं पहिल्याच दिवशी सांगितलं, की आपण शिकतो ती पद्धत जशीच्या तशी व्हान आइकची नाही. बलक आणि तेल यांचे थर आलटून पालटून देण्याची ही रीत माक्स डोर्नर या जर्मन चित्रकारानं १९२१ च्या आपल्या पुस्तकात मांडली. पुढे प्रयोगशाळेत जुन्या चित्रांचे कण तपासले, तेव्हा व्हान आइकच्या रंगात मुख्यतः तेलच निघालं. त्या काळच्या काही चित्रांच्या खालच्या थरांत बलकही सापडतो.

असा अंदाज करायची वेळ का आली? कारण ही विद्या कार्यशाळेत हातातून हातात जात होती. पोरगं आधी रंग घोटायचं, मग फळ्या तयार करायचं, उस्तादाचा हात बघत मोठं व्हायचं. चाल बदलली, तशा शिकवणाऱ्या कार्यशाळा थांबल्या. चित्रं राहिली, हात गेले. आज सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरण घेऊन माणसं तेच शोधतायत, जे तेव्हा चौदा वर्षांच्या मुलाला माहीत होतं.

म्हणून आपल्या चित्रकलेच्या वर्गाबद्दल बोलायचंय. सर निवृत्त झाल्यापासून ती जागा भरलेली नाही, खोलीत मोडके बाक ठेवलेत, आणि आपल्या बॅचच्या निधीतून तिथे दुसरी संगणक प्रयोगशाळा करावी असा प्रस्ताव आहे. संगणकावरच माझं पोट चालतं, त्यामुळे माझा विरोध संगणकाला असणं शक्य नाही. पण संगणक वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीतही बसतील. या खोलीला उत्तरेच्या खिडक्या आहेत. तिथेच आपण तांब्या, वांगं आणि घडी घातलेला टॉवेल समोर ठेवून एलिमेंटरी-इंटरमिजिएटची वस्तुचित्रं काढली. 'आधी बघ, मग काढ' असं सर म्हणायचे. गेंटच्या शिक्षिकेनं तेच डच भाषेत सांगितलं, तेव्हा मला ते नवीन नव्हतं.

माझी मागणी अशी. निधीचे दोन भाग करूया. एकातून संगणक घेऊ, दुसऱ्यातून खोली दुरुस्त करून अर्धवेळ चित्रकला शिक्षकाचं तीन वर्षांचं मानधन देऊ. दुसऱ्या भागात जे कमी पडेल ते मी घालीन, आणि आणखी दोघी तयार आहेत. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून विचारते. नवा शिक्षक येईपर्यंत आठवड्यातून एक दिवस, एक तास, तुम्ही याल का?

चहाच्या टेबलाशेजारी कागद ठेवला आहे. पटलं तर सही करा, नाही पटलं तर मला गाठून भांडा.