ओव्हरऑल ७ आले, तरी अडले

मी मूळची भालकीची, जिल्हा बीदर. घरात मराठी, शाळेत कन्नड. एमएसडब्ल्यूला हैदराबादला आले तेव्हापासून इथं अंबरपेठेतच राहते. वस्तीत काम करायचं तर तेलुगू आणि दखनी दोन्ही लागतात. चार भाषांत लोकांची गाऱ्हाणी ऐकलीत. वाटायचं, बाहेर जाऊन सोशल वर्क शिकायला आणखी काय पाहिजे?

ऑस्ट्रेलियासाठी आयईएलटीएस दिली. एजंट म्हणाला, ‘ओव्हरऑल ७ आले की झालं.’ आले. ऐकणं ७.५, वाचणं ७.५, बोलणं ७, लिहिणं ६.५. चारांची सरासरी काढून जवळच्या अर्ध्या बँडवर आणतात, म्हणून ७. पण मला हव्या असलेल्या कोर्सला चारही भागांत ७-७ पाहिजे होते. तिथली समाजकार्यकर्त्यांची संस्था, ऑस्ट्रेलियन असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स, बाहेरची पदवी तपासताना तेच मागत होती. अर्ध्या बँडपायी वर्ष गेलं, आणि बाबांनी सोयाबीन विकून दिलेली फीसुद्धा. (खरा आकडा त्यांना अजून सांगितलेला नाही.)

लई राग आला. भाषेची अट म्हटलं की आपल्याला आधीच झोंबतं. मग आजी आठवली. कन्नडमधल्या एका कागदावर तिनं अंगठा दिला होता. त्यात काय लिहिलंय ते समोरच्यानं मराठीत सांगितलंच नाही. त्याला मराठी येत नव्हतं. मूल आईबापाकडे ठेवायचं की नाही, हे ठरवताना तिथलं कोर्ट सोशल वर्करचा रिपोर्ट वाचतं. तिथल्या कुणाच्या आजीसमोर मी तशी बसले तर?

लिहिण्याला ६० मिनिटं, दोन प्रश्न: १५० शब्दांचा आणि २५० शब्दांचा. दुसऱ्याला दुप्पट वजन. आपण शाळेतल्या निबंधासारखी प्रस्तावना लांबवतो आणि विचारलेलं शेवटी दोन ओळींत उरकतो. माझं तेच झालं. मग रोज फील्डवरून आल्यावर एका केसची नोंद इंग्रजीत लिहायला लागले, अर्धं पान, आणि मैत्रिणीला विचारायचे, यातून तुला काय कळलं?

दुसऱ्यांदा लिहिण्यात ७ आले. बोलण्यात ६.५. हसा, हसा! आता ६० दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देता येतो, पण तो निकाल सगळीकडे चालत नाही. यावेळी एजंटला नाही, युनिव्हर्सिटीलाच मेल केलाय. उत्तर यायचंय.