कॅमेऱ्यामागे गेलेली नटी : आयडा ल्युपिनो
(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री आपण ‘आउटरेज’ पाहिला. सव्वा तासाचा, काळापांढरा, १९५० सालचा अमेरिकन चित्रपट. दिवे मालवल्यावरही अंथरुणात पडल्या पडल्या चर्चा चालूच होती. त्यात एकीने विचारलं, “हा सिनेमा बाईने काढला हे खरं, पण त्या काळात तिला काढू कुणी दिला?” माझं आजचं बोलणं या प्रश्नाला धरूनच आहे. मी सिनेमाची अभ्यासक नाही. एम.एस.डब्ल्यू. करून समुपदेशनाच्या कामात पडले ती तिथेच आहे. तेव्हा मी सिनेमा पाहणार तो केसपेपर लिहिणाऱ्या बाईच्या नजरेनेच.

आयडा ल्युपिनो १९१८ साली लंडनमध्ये जन्मली. घर नाटकवाल्यांचं. वडील स्टॅन्ली विनोदी नट, आई कॉनी एमराल्ड हीसुद्धा नटी. असं सांगतात की १९३२ साली एका चित्रपटातल्या भूमिकेसाठी आई चाचणी द्यायला गेली, आणि निवड झाली ती बरोबर आलेल्या मुलीची. पुढच्याच वर्षी ती हॉलिवूडला गेली. १९३४ मध्ये तिला पोलिओ झाला. त्यातून ती उठली, पण तो आजार ती विसरली नाही. दिग्दर्शिका म्हणून स्वतःचं नाव लावलेला तिचा पहिला चित्रपट ‘नेव्हर फिअर’, तो पोलिओ झालेल्या नर्तकीचाच आहे. त्यात चाकाच्या खुर्च्यांवर बसून समूहनृत्य करणारे रुग्ण दिसतात, ते खरे रुग्ण आहेत.

हॉलिवूडमध्ये तेव्हा नट-नट्या स्टुडिओच्या कराराने बांधलेल्या असत. मिळेल ती भूमिका करायची. नाकारली तर निलंबन आणि पगार बंद. वॉर्नर ब्रदर्सकडे असताना आयडाने पडेल भूमिका नाकारल्या आणि निलंबनं भोगली. ‘हाय सिएरा’ (१९४१) गाजला, ‘द हार्ड वे’साठी न्यूयॉर्कच्या समीक्षकांचं पारितोषिक मिळालं, तरी ती स्वतःला गरिबांची बेटी डेव्हिस म्हणवून घेई. म्हणजे पहिल्या पंगतीतून उरलेलं आपल्या ताटात! पण बिनपगारी दिवसांत घरी रडत बसण्याऐवजी ती सेटवर जाऊन उभी राही. कॅमेरा कुठे ठेवतात, दिवे कसे लावतात, तुकडे कसे जोडतात हे पाहत राही. तिची फिल्म इन्स्टिट्यूट तीच.

मग तेव्हाचा नवरा कॉलियर यंग याच्याबरोबर तिने स्वतःची कंपनी काढली. आधी आईच्या नावावरून एमराल्ड, पुढे तिचंच झालं ‘द फिल्ममेकर्स’. पहिला चित्रपट ‘नॉट वॉण्टेड’ (१९४९), लग्नाशिवाय आई झालेल्या मुलीचा. चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन यांना हृदयविकाराचा झटका आला आणि चित्रपट आयडाने केला. श्रेयनामावलीत नाव मात्र क्लिफ्टन यांचंच. तिने ते राहू दिलं. (हसू नका. आपल्या संस्थांचे किती अहवाल कुणी लिहिले आणि सही कुणाची झाली, त्याची यादी आज नको.)

तेव्हा कालच्या प्रश्नाला उत्तर असं, की तिला कुणी काढू दिला नाही. तिने पैसे उभे केले, थोडक्या दिवसांत, थोडक्या खर्चात, बिनओळखीचे चेहरे घेऊन चित्रपट केले. डॉरोथी आर्झ्नरने १९४३ मध्ये शेवटचा चित्रपट केला होता. दिग्दर्शकांच्या संघटनेत आर्झ्नरनंतर सदस्य झालेली दुसरी बाई म्हणजे आयडा.

आता ‘आउटरेज’. अ‍ॅन ही साधी नोकरदार मुलगी. लग्न ठरलेलं आहे, पगारवाढीच्या आनंदात आहे. कामाच्या ठिकाणाजवळच्या खाण्याच्या टपरीवरचा माणूस तिच्याशी लगट करू पाहतो. तिचं लक्षही नसतं. रात्री उशिरा ती घरी निघते आणि तो मागे लागतो. तो पाठलाग तुम्हाला आठवत असेल. संगीत जवळजवळ नाहीच. पावलं, शीळ, रिकामे ट्रक. ती धडपडते, ट्रकचा हॉर्न वाजत राहतो, कॅमेरा वर वर जातो. वर एक माणूस खिडकीत येतो आणि खिडकी लावून घेतो. बलात्कार दिसत नाही. पडद्यावर दिसते ती बंद झालेली खिडकी. काल हे दृश्य आलं तेव्हा आपल्या हॉलमध्ये काय शांतता पसरली! वाडा असो, चाळ असो की सोसायटी, ही खिडकी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे.

आणि पूर्ण चित्रपटात ‘बलात्कार’ हा शब्द एकदाही येत नाही. अमेरिकेत १९३४ पासून चित्रपटांवर आचारसंहितेचा कडक अंमल होता. संहिता आधी त्यांच्या कार्यालयातून पार व्हावी लागे. म्हणून ‘हल्ला’ म्हणा, ‘गुन्हा’ म्हणा, तो शब्द नको. ही त्यांची सक्ती होती. पण आपल्याकडे तर कुणाची सक्ती नसताना आपण तेच केलं. अतिप्रसंग. अब्रू लुटली. तोंड काळं केलं. वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांनी हेच शब्द छापले. त्यांत केलं त्याने आणि गेलं तिचं, असा हिशेब आहे. मथुरा प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या काळात बायकांनी चौकात उभं राहून ‘बलात्कार’ हा शब्द मोठ्याने उच्चारला, हीसुद्धा त्या आंदोलनाची कमाईच. केंद्रात येणारी मुलगी आजही सुरुवातीला ‘ते झालं ना’ असंच म्हणते. ‘ते’ म्हणजे काय, हे तिच्या तोंडून यायला दोन-तीन भेटी जातात. घाई करून चालत नाही.

आयडाला शब्दाची बंदी होती, म्हणून तिने आवाजाने सांगितलं. अ‍ॅन कामावर परतते तेव्हा शेजारचा माणूस कागदांवर शिक्के मारतोय. ठक्, ठक्. प्रत्येक ठोक्याबरोबर ती आक्रसते. समाजकार्याच्या वर्गात आघाताच्या परिणामांवर आम्ही पानंच्या पानं टिपणं काढली, पण त्या शिक्क्यांइतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही. शेजारीपाजारी सगळे भले लोक. पण त्यांची नजर तिला घरात राहू देत नाही. होणारा नवरा ‘आपण ताबडतोब लग्न करू’ म्हणत तिला गदगदा हलवतो. त्याच्या लेखी लग्न हाच उपचार. ती बस पकडून पळून जाते.

पुढचा भाग मला तितका पटत नाही, हे सांगायलाच हवं. संत्र्यांच्या बागायतीत एक धर्मोपदेशक भेटतो, समंजस आणि देखणा, आणि बरं होण्याची सगळी वाट त्याच्या हातून जाते. अ‍ॅनला एकही मैत्रीण नाही. एकसुद्धा नाही! एक पुरुष तिच्या मनाविरुद्ध तिचं चुंबन घेऊ पाहतो, ती पान्हा उचलून त्याच्या डोक्यात घालते, आणि मानसोपचार ठरतात ते तिच्यासाठी. बलात्कार करणाऱ्यालाही चित्रपट शेवटी आजारी ठरवतो. आपण कित्येक बैठकांत भांडून मांडलं की हा आजार नाही, ही सत्ता आहे. पण हे मांडायला आपल्याकडे चळवळ होती. १९५० मध्ये आयडाजवळ ती नव्हती.

‘द हिच-हायकर’ (१९५३) मध्ये एकही महत्त्वाची स्त्री-भूमिका नाही, म्हणून काही जणी त्याला मोजत नाहीत. मला तसं वाटत नाही. दोन धडधाकट मित्र गाडीत एका अनोळखी माणसाला घेतात, तो पिस्तूल काढतो. पुढे चित्रपटभर हे दोघं त्याचा मूड पाहत, आवाज न चढवता, त्याच्या परवानगीने जेवत-झोपत राहतात. त्याचा एक डोळा झोपेतही मिटत नाही, त्यामुळे तो जागा आहे की झोपलाय हेही कळत नाही. मारकुट्या नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईचा दिवस आणि कसा असतो?

त्याच वर्षीचा ‘द बिगॅमिस्ट’. सान फ्रान्सिस्कोत एक बायको, लॉस एंजेलिसमध्ये दुसरी. दुसरीचं काम स्वतः आयडाने केलंय आणि दिग्दर्शनही तिचंच. पहिलीच्या भूमिकेत जोन फॉण्टेन, म्हणजे तोवर आयडापासून वेगळा झालेल्या कॉलियर यंगची नवी बायको. तरी निर्मिती त्याचीच! खासगी आयुष्यातला गुंता बाजूला ठेवून ही मंडळी एकत्र काम कशी करत असतील, याचं मला अजून कुतूहल आहे. यातलं बिंग फुटतं ते मूल दत्तक देणाऱ्या संस्थेच्या चौकशी अधिकाऱ्यामुळे. गृहभेटी देणारा, कागद तपासणारा, शंका आली की पुन्हा जाणारा. सिनेमात आपला जातभाई इतका नीट क्वचितच दिसतो.

चित्रपटाची सहानुभूती पुरुषाकडे जास्त झुकते, यावर वाद घालायला वाव आहे. मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला १९४६ मध्येच कायद्याने बंदी झाली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ मध्ये तो कायदा उचलून धरला. पण परित्यक्तांच्या चळवळीत काम केलेल्या बायकांना विचारा, कायद्याने बंद झालेलं दुसरं लग्न गावात कसं लागतं ते. पहिली टाकलेली, दुसरीजवळ मंगळसूत्र आणि फोटो, कागद एकही नाही. दोघी एकमेकींना शिव्या देतात आणि तो मधे गरीब गाय होऊन बसतो. आयडाने या दोघींना एकमेकींशी भांडायला लावलेलं नाही. कोर्टात त्या फक्त पाहतात.

तिच्याविषयी एक गोष्ट आपल्याला टोचते. सेटवर तिच्या खुर्चीच्या पाठीवर ‘आपल्या सर्वांची आई’ अशा अर्थाचे शब्द होते. ती हुकूम सोडत नसे; आईची जरा अडचण आहे, असं करून पाहूया का, अशा सुरात पुरुष तंत्रज्ञांकडून काम करून घेई. बायकांनी पुरुषांच्या जगात धडका मारत घुसू नये, असंही तिने म्हटलं होतं. स्त्रीमुक्तीवाली ती नव्हती, आणि तिला ओढून आपल्या पंगतीत बसवायची गरज नाही. पण गावात ‘वहिनी’ होऊन ग्रामसभेत ठराव मंजूर करून घेणाऱ्या सरपंच बाई आपण पाहिल्यात. अशा वेळी मी तरी बाईने काय म्हटलं त्यापेक्षा काय केलं ते आधी लिहून घेते.

चित्रपट स्वतः वितरित करण्याच्या नादात कंपनी बुडाली. मग तिने दूरदर्शनवरच्या मालिका दिग्दर्शित केल्या, त्यात वेस्टर्न आणि गुन्हेगारी कथा भरपूर. ‘द ट्वायलाइट झोन’च्या मूळ मालिकेतला एक भाग तिचा आहे (१९६४), आणि त्या मालिकेत दिग्दर्शन करणारी ती एकमेव स्त्री. मोठ्या पडद्यासाठी पुन्हा एकच चित्रपट मिळाला, १९६६ मध्ये, तोही जोगिणींच्या शाळेतल्या मुलींचा. १९९५ मध्ये ती गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी ‘द हिच-हायकर’ची निवड १९९८ मध्ये झाली. ‘आउटरेज’ला मात्र २०२० उजाडावं लागलं.

जेवणानंतर आपण ‘द बिगॅमिस्ट’ लावणार आहोत. शेवटी न्यायाधीश शिक्षा सुनावणं पुढच्या आठवड्यावर ढकलतो. तिथे प्रोजेक्टर थांबवू, आणि गटागटात बसून त्या दोघींचे जबाब लिहून काढू. पहिलीचा वेगळा आणि दुसरीचा वेगळा.