लोखंडाच्या दगडातला समतोल



जोगेश्वरीची लेणी तुम्ही पाहिली असतील.
ती ज्वालामुखीच्या खडकात कोरलेली आहेत.
हा खडक थिजला, आणि बराचसा तसाच राहिला.

आज मात्र आपण जाऊ सिंधुदुर्गात, रेडीला.
किंवा पार गडचिरोलीत, सुरजागडच्या डोंगरावर.

तिथला लोहखडक पट्ट्यापट्ट्यांचा.
एक पट्टा लोहखनिजाचा, एक गारेचा.
मुळात हा समुद्रतळावरचा साका.
वय, 2 अब्ज वर्षांहून जास्त!

पुढे तो खोल गाडला गेला.
दाब वाढला. उष्णता वाढली.
जुनी खनिजं मोडली, नवी जुळली.

त्या दाबाला, त्या उष्णतेला जी खनिजं शेजारी शेजारी टिकतात, तीच उरतात.
यालाच म्हणतात खनिजांचा समतोल.

इथलं हेमॅटाइट हे लोहखनिज घासलं, की लालसर रेघ उमटते.
मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाची रेघ काळी. ते चुंबकालाही चिकटतं.
हेमॅटाइटमध्ये ऑक्सिजनचा वाटा जास्त.
दोन्ही समतोलात एकत्र असतील, तर त्या उष्णतेला ऑक्सिजन किती होता, ते कळतं.
मला तरी ही फार हुशार युक्ती वाटते.

उष्णता आणखी वाढली, ऑक्सिजन कमी पडला, तर?
मग लोह आणि गार एकत्र येतात.
पाण्याच्या साथीनं ग्रुनेराइट नावाचं खनिज बनतं.

पुन्हा सांगतो: टिकतं ते, जे त्या परिस्थितीला जुळतं.

आणि खडक वर आला, की परिस्थितीच बदलते.
हवापाण्यानं मॅग्नेटाइटचं हळूहळू हेमॅटाइट होतं.
पण स्फटिकाचा आकार मॅग्नेटाइटचाच राहतो.
अशा हेमॅटाइटला भूवैज्ञानिक मार्टाइट म्हणतात.